बोटातल्या अंगठीचं बळ

मुलाखतीला जाताना आईने दिलेली अंगठी नकळत चाचपली जाते. हा नुसता भाबडेपणा म्हणायचा का?

जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या लायसान दामिश आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना आपापली 'लकी' वस्तू आणायला सांगितलं आणि काहींची ती काढून ठेवली. ज्यांच्याजवळ वस्तू राहिली, ते स्मरणशक्तीचा खेळ सरस खेळले. वस्तूत जादू कसली! 'मला जमेल' हा भरवसा वाढला होता, इतकंच. याच मालिकेतला गोल्फचा प्रयोग २०१४ मध्ये अमेरिकेत जास्त लोकांवर पुन्हा झाला, तेव्हा मात्र परिणाम दिसला नाही. त्यामुळे परीक्षेतले गुण अंगठीवर सोडू नयेत.

गंमत म्हणजे रोजची अंगठी एरवी जाणवतही नाही. सततच्या दाबाला त्वचेतले संवेदक सरावतात, मेंदूला निरोप धाडणं कमी करतात. बोटाने ती फिरवली की स्पर्श पुन्हा जागा होतो आणि देणारं माणूसही आठवतं. मला विचाराल तर खरा लाभ हाच. त्याला सोनंच हवं असंही नाही, काचेचा मणीही चालतो.

बोट सुजू लागलं, तर मात्र माया बाजूला ठेवून अंगठी आधी काढा.