जुना कॉम्प्युटर, मोबाइलचा डेटा आणि जावास्क्रिप्ट: सुरुवात कशी करावी?

धुळे–सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीत (ता. अंबड, जि. जालना) राहून जावास्क्रिप्ट शिकायची असेल, तर नवा लॅपटॉप किंवा पुण्यातली खोली आधी लागत नाही. लागतो तो ब्राउझर, आणि तो तुमच्या कॉम्प्युटरवर आहेच. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी ही भाषा नेटस्केप या ब्राउझरसाठीच बनवली होती.

क्रोम उघडून एफ१२ दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळ दाबावी लागते) आणि ‘कन्सोल’ निवडा. तिथे दुहेरी अवतरणचिन्हांत वडीगोद्री लिहा, लगेच पुढे टिंब देऊन इंग्रजीत ‘लेंग्थ’ लिहा आणि एंटर दाबा. उत्तर येईल ९. आपल्याला तर चारच अक्षरे ऐकू येतात: व, डी, गो, द्री! कॉम्प्युटर ५ व्यंजने, २ वेलांट्या, ‘गो’चा ओकार आणि ‘द्री’तले हलन्त असे सगळे वेगवेगळे मोजतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये मराठी नाव लिहिताना मर्यादा लवकर संपते, त्यामागे अनेकदा हेच असते.

कन्सोलमध्ये हात बसला की कोड फाइलमध्ये लिहायला घ्या. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा मोफत व्हीएस कोड पुरे. पाठोपाठ नोड जेएस टाका, असे बहुतेक व्हिडिओ सांगतात. नोड म्हणजे क्रोममधलेच व्ही८ इंजिन ब्राउझरबाहेर चालवायची सोय; रायन डाल यांनी ते २००९ मध्ये आणले. पण तुम्ही अजून साधी वेबपेजेस बनवत असाल, तर महिनाभर नोडवाचून काही अडत नाही.

डाउनलोड करण्यापूर्वी विंडोज कोणते आहे ते पाहा. विंडोज ७ वर नोडची १३ नंतरची आवृत्ती चालत नाही. अशा मशीनवर जुनी आवृत्ती शोधत बसण्यापेक्षा लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकलेली बरी. मात्र त्याआधी फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

व्हीएस कोड आणि नोड मिळून साधारण दोनशे एमबीच्या आसपास डेटा जातो. नोडची ‘एलटीएस’ लिहिलेली आवृत्ती घ्या. खरी मेख इन्स्टॉल करताना आहे. ‘आवश्यक साधने आपोआप टाका’ अशा अर्थाचा एक चौकोन इंग्रजीत दिसतो. त्यावर टिक करू नका, नाहीतर कित्येक जीबींचे सामान उतरू लागेल आणि दिवसाचा पॅक तिथेच संपेल. नवशिक्याला त्यातले काहीही लागत नाही.

पुढे व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये एनपीएम चालवताच ‘स्क्रिप्ट चालवणे बंद आहे’ अशा अर्थाचा लाल मजकूर आला, तर नोड काढून पुन्हा टाकायची गरज नाही. ती पॉवरशेलची अडवणूक आहे. टर्मिनलच्या अधिक चिन्हाशेजारच्या बाणावर क्लिक करून ‘कमांड प्रॉम्प्ट’ निवडा.

मित्राला प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर देताना ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर वगळा. त्यात हजारो बारीक फाइली असतात आणि कॉपी होता होत नाही. ‘पॅकेज जेसन’ फाइल सोबत असली की मित्राच्या मशीनवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ केल्यावर ते फोल्डर पुन्हा तयार होते. डेटा मात्र त्याचा जातो.

आणि डेस्कटॉप असेल तर व्हीएस कोडच्या ‘फाइल’ मेनूतले ‘ऑटो सेव्ह’ आजच चालू करा. लाइट सांगून जात नाही.