जखमा बांधणारे हात

संत लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. लुटारूंनी अर्धमेल्या केलेल्या वाटसरूला 'या वाटेने तू एकटा का आलास?' असे त्याने विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि परत येण्याचा शब्द दिला. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीला याच तीन गोष्टी हव्या असतात: उपचार, सुरक्षितता आणि साथ.

पहिली गोष्ट उपचार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा पीडितेवर त्वरित व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. 'आधी तक्रार नोंदवून या' असे म्हणून तिला परत पाठवता येत नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. म्हणून घरच्यांनी अब्रूच्या विचारात घालवलेला प्रत्येक तास तिला महागात पडतो. अपमानास्पद 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अमान्य ठरवली आणि २०२२ साली ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल, असे बजावले.

दुसरी गोष्ट सुरक्षितता. बालके, मूकबधिर, मतिमंद वा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्ती यांना आपले दुःख सांगणेच कठीण. अपंग पीडितेची तक्रार तिच्या घरी, दुभाषा वा विशेष शिक्षकाच्या साहाय्याने नोंदवावी, अशी कायद्यात तरतूद आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत आणि साक्षीच्या वेळी आरोपी बालकाच्या नजरेस पडू नये. अशा दुर्बल साक्षीदारांसाठी न्यायालयांत स्वतंत्र कक्ष उभारण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिले.

तिसरी गोष्ट साथ, आणि आपण कमी पडतो ते इथेच. महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजनेद्वारे अर्थसाहाय्य मिळते. 'सखी' केंद्रात उपचार, समुपदेशन व कायदेशीर मदत एकाच ठिकाणी उपलब्ध होते. परंतु तिथवर हात धरून नेणार कोण? खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. सुरुवातीला धावून आलेली माणसे हळूहळू पांगतात आणि तारखेच्या दिवशी आई व मुलगी एकट्याच न्यायालयाच्या बाकावर बसतात.

हे लिहिताना आम्हा धर्मगुरूंना आधी मान खाली घालावी लागते. ख्रिस्तसभेच्या छायेतही अत्याचार घडले आणि झाकले गेले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली 'वोस एस्तिस लुक्स मुंडी' हे आज्ञापत्र काढून प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था बंधनकारक केली. पीडितांचे ऐकून घेणे, त्यांना आध्यात्मिक, वैद्यकीय व मानसिक आधार देणे हे कर्तव्य ठरवले. २०२३ साली ते कायम करण्यात आले.

प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन प्रशिक्षित भगिनी, शक्य तर एक परिचारिका व एक वकील, एवढी माणसे तरी या सेवेसाठी पुढे यावीत. त्यांनी पीडितेवर विश्वास ठेवावा, तीच कहाणी पुनःपुन्हा सांगायला लावू नये, गुप्तता पाळावी आणि आपसांत मिटवण्याचा सल्ला चुकूनही देऊ नये. बालकावरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे तर कायद्याने सक्तीचेच आहे. महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक मंदिराच्या सूचनाफलकावर कायम असावेत.

याजक आणि लेवी वाटेच्या पलीकडच्या बाजूने निघून गेले, हे आपण दर वर्षी प्रवचनात सांगतो. आपल्याच आळीतल्या एखाद्या दारावरून जाताना आपण कोणत्या बाजूने चालतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.