मूळव्याधीच्या मलमाआड

कोल्हापूर शहर संपून कळंबा सुरू होतं, त्या रस्त्यावरच्या एका औषध दुकानात मी बावीस वर्षं काउंटरमागे उभा होतो. दुकान रिकामं दिसेपर्यंत बाहेर मोबाइल बघत थांबणारी गिऱ्हाइकं मी लांबूनच ओळखायचो. आत आल्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य असे, “मूळव्याधीचं मलम द्या.”

असाच पंचविशीतला एक मुलगा चार महिने मलम नेत होता. रक्त पडतं, चिकट पू येतो, सारखी कळ लागते, असं तो सांगायचा. एकदा त्याने विचारलं, “काका, मूळव्याधच हाय न्हवं?” मी म्हणालो, “तिखट कमी कर.” पुढे एका त्वचारोगतज्ज्ञाने प्रॉक्टोस्कोप घालून तपासलं, तेव्हा मूळव्याध नव्हतीच. तो गुदाशयातला परमा होता. त्याच वेळी केलेल्या रक्ततपासणीत एचआयव्हीही निघाला. त्याने मला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. खाली लिहिलंय ते वाचनातून जमवलेलं आहे.

परमा, क्लॅमिडिया, गरमी, नागीणवर्गीय हर्पिस आणि एचपीव्ही हे सारे संसर्ग गुदमार्गालाही होतात. गुदाशयाचं आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, त्यामुळे ते लवकर दुखावतं. तरीही गुदाशयातला परमा आणि क्लॅमिडिया बहुतेकांना काहीच त्रास देत नाहीत. गरमीचा पहिला व्रण दुखत नाही आणि आत असला तर दिसतही नाही. माणूस स्वतःला निरोगी समजतो आणि संसर्ग पुढे जात राहतो.

साथरोगशास्त्राची खरी अडचण इथे सुरू होते. रोग किती आहे हे मोजायचं तर नमुना योग्य जागेचा हवा. सर्वसाधारण पद्धत लघवी तपासण्याची. अमेरिकेतल्या गुप्तरोग केंद्रांमधला, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. घसा आणि गुदाशयात आढळलेल्या परम्याच्या ७० टक्क्यांहून अधिक, तर क्लॅमिडियाच्या ८५ टक्के संसर्गांत त्याच भेटीतली मूत्रमार्गाची तपासणी निर्दोष आली होती. म्हणजे फक्त लघवी तपासली असती, तर हे सगळे ‘निरोगी’ म्हणून घरी गेले असते.

आपल्याकडे प्रयोगशाळा सगळीकडे नाहीत, म्हणून लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, रंगांनी ओळखता येणारे औषधसंच दिले. त्यातल्या करड्या रंगाच्या पहिल्या संचात मूत्रमार्ग आणि गर्भाशयमुखाच्या स्रावाबरोबर गुदमार्गाचा स्रावही आला. अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच वेळी. हे मोठं पाऊल होतं. पण ज्याला लक्षणच नाही, त्याला हा संच मिळणार कसा? आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत लक्षणं नसलेल्या पुरुषांचा गुदाशयातला क्लॅमिडिया सात दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने ९६.९ टक्के, तर अझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने ७६.४ टक्के बरा झाला. जागा बदलली की औषधाचा गुणही बदलतो.

क्लॅमिडियाच्याच एका प्रकाराने २००३ मध्ये रॉटरडॅममध्ये डॉक्टरांना चकवलं. त्याला लिम्फोग्रॅन्युलोमा म्हणतात. उष्ण देशांतला आजार म्हणून तो युरोपात विसरला गेला होता. त्याने होणारी गुदाशयाची सूज आतड्याच्या दीर्घ आजारासारखी दिसते. तिथे तो ‘क्रोन्स’ समजला जाऊ शकतो, तर आपल्याकडे मूळव्याध किंवा आतड्याचा क्षय. त्याला तीन आठवडे औषध लागतं.

याचं मोल एचआयव्हीत मोजावं लागतं. बाधित जोडीदाराशी निरोधाशिवाय आणि उपचारांशिवाय संबंध आल्यास, गुदमार्गाने संबंध स्वीकारणाऱ्याला दर दहा हजार वेळांमागे सुमारे १३८ वेळा लागण होते. योनीमार्गाने हाच आकडा ८ आहे. आत जखम किंवा सूज असेल तर धोका आणखी वाढतो. मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि शीव रुग्णालयाच्या केंद्रात आलेल्यांचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्यात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपैकी १७ टक्के आणि तृतीयपंथीयांपैकी ६८ टक्के एचआयव्हीबाधित होते. हे आकडे केंद्रात आलेल्यांचे आहेत, सगळ्या समाजाचे नाहीत, हा फरक विसरता कामा नये.

हा फक्त पुरुषांचा प्रश्नही नाही. नवरा-बायकोतही असे संबंध असतात. पण बाईला ते विचारायचं कुणी आणि तिने सांगायचं कुणाला?

कायद्याने ही गप्प बसण्याची सवय पक्की केली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ असे संबंध गुन्हा ठरवत होतं. या कलमाच्या भीतीने माणसं लपतात आणि प्रतिबंधाचं काम अडतं, असं २००६ मध्ये खुद्द नाकोने दिल्ली उच्च न्यायालयाला प्रतिज्ञापत्रात सांगितलं. सज्ञानांचे परस्परसंमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यातून वगळले. कायदा गेला, पण लाज राहिली.

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी आपल्या गावांच्या भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ एवढंच लिहिलेलं असतं.

आता मी काउंटरवर नसतो. पण नव्या पोरांना एवढं जरूर सांगतो. रक्त, पू आणि कळ दोन आठवड्यांत थांबली नाही, तर तिसरी ट्यूब देऊ नका, सीपीआरच्या त्वचा व गुप्तरोग विभागात पाठवा. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषध मोफत असतं आणि जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. डॉक्टरांनीही तोंड वाकडं न करता विचारावं, ‘संबंध कोणत्या मार्गाने येतो?’

त्या मुलाची गाठ अजून पडते. रोजची गोळी चालू आहे, तब्येत बरी आहे. परवा तो म्हणाला, “काका, तेव्हा तुम्ही इचारलं असतं, तर म्या सांगितलं असतं.”