होडीचा रंग, घराची रोजी

सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) आणि हजरत खिज्र (अलै.) यांच्या प्रवासात एका नावेचा उल्लेख येतो. ती नाव समुद्रावर राबणाऱ्या गरिबांची होती. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा राजिवड्यात राहणाऱ्या आपल्या मच्छीमार बांधवांना त्या गरिबांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. होडी धड, तर चूल धड.

पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर येतात आणि रंगाचा विषय निघतो. पुष्कळदा डबा महाग घेतला जातो, पण वर्ष उलटण्याआधीच पोपडे निघतात. दोष बहुधा डब्याचा नसतो. रंग टिकतो तो त्याखालच्या तयारीवर.

होडी वर ओढली की त्याच दिवशी बुडाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडावे. ओले असताना ते सहज निघतात, सुकले की दगड होतात. मग गोड्या पाण्याने मीठ धुवून काढावे. लाकूड आतून सुकले की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आत थेंब दिसले, तर अजून थांबावे. पावसात घाई नको. ताडपत्रीचे छप्पर करावे आणि उघडीप बघूनच ब्रश हाती घ्यावा.

पाण्यावरच्या भागाला प्रायमर आणि चांगला मरीन इनॅमल पुरतो. पाण्याखालच्या भागाला मात्र शेवाळ-शिंपले रोखणारा तांबेयुक्त रंगच हवा, नाहीतर बूड खडबडीत होऊन डिझेल जास्त जळते. फायबरच्या होडीला त्याखाली इपॉक्सीचे अस्तर द्यावे. दोन डब्यांचा रंग अंदाजाने मिसळू नये, डब्यावरचे प्रमाण मोजूनच घ्यावे. होडी अॅल्युमिनियमची असेल, तर तांब्याचा रंग लावूच नये. खाऱ्या पाण्यात तो धातू खातो. दोन हातांमध्ये किती वेळ ठेवायचा आणि शेवटच्या हातानंतर होडी किती दिवसांत पाण्यात उतरवायची, हेही डब्यावर लिहिलेले असते.

आता घरातल्या माणसांविषयी. जुन्या शेंदरी अस्तरात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात २०१७ पासून कडक मर्यादा आहे, पण ती औद्योगिक रंगांना लागू नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये आणि जाळू तर नयेच. पाणी मारत ओल्या पॉलिशपेपरने घासावे. तोंडाला धुळीचा मास्क लावावा, साधा रुमाल पुरत नाही. मुलांना तिथे खेळू देऊ नये. कामाचे कपडे बाहेरच उतरवून वेगळे धुवावेत.

खरवडलेले पोपडे ताडपत्रीवर गोळा करावेत, खाडीत लोटू नयेत. त्याच खाडीत आपल्या आया-बहिणी तिसऱ्या वेचतात. टिनयुक्त रंगांनी शिंपल्यांची पैदास बिघडली, म्हणूनच २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आली.

होडी ही अमानत आहे, तशीच खाडीही आणि मुलांची तब्येतही. रंगाचा एक हात कमी बसला तर पुढच्या वर्षी देता येतो. मुलाच्या अंगात गेलेले शिसे असे सहज काढता येत नाही. यंदा दोन दिवस जास्त लागले तरी चालतील, पण काम नीट करू या. रोजीत बरकत देणारा अल्लाह आहे.