पट्टीची थरथर आणि रायफलीचा नेम : बॅरल ट्यूनर म्हणजे काय?

स्टीलची ३० सेंमीची पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरायची आणि बाहेरचं टोक टिचकीने सोडायचं, हा प्रयोग आपण सगळेच वर्गात करतो. आता त्याच टोकाला कागदाचे दोन-तीन चिमटे लावून पुन्हा टिचकी मारा. पट्टी थरथरते, पण सावकाश. चिमटे टेबलाच्या दिशेने सरकवले की थरथर पुन्हा जलद होते. वजन तेवढंच, जागा बदलली की कंपनाचा वेग बदलतो. हे समजलं की बॅरल ट्यूनर निम्मा समजला.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, वडील शिक्षक. कांबळवाडी आमच्या देऊळघाटापासून फार लांब, तरी त्यानंतर इथलीही मुलं रायफलीबद्दल विचारू लागली, आणि काही पालक तर थेट साहित्याबद्दल. नळीच्या तोंडाशी लावायचा 'ट्यूनर' हा त्यातलाच एक प्रश्न. स्वप्निलच्या रायफलीला तो आहे की नाही याच्याशी इथे आपल्याला कर्तव्य नाही. ती वस्तू काय करते ते पाहू.

या प्रकारात .२२ ची रिमफायर रायफल वापरतात. रिमफायर म्हणजे काय, तर ठिणगी देणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या काठात भरलेला असतो आणि रायफलीची पिन त्या काठावर आपटते. एनसीसीच्या मुलांनी हे काडतूस पाहिलेलं असतं. मोठ्या रायफलीचा हौशी नेमबाज काडतूस स्वतः भरू शकतो, दारू थोडी कमी-जास्त करून आपल्या नळीला मानवेल असं करू शकतो. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कारखान्यातून आलं ते वापरायचं. काडतूस बदलता येत नाही, म्हणून नळीच जुळवून घ्यायची, असा हा विचार.

जुळवायचं कशाशी? गोळीच्या वेगातल्या फरकाशी. समजा, एका गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटर आणि त्याच डब्यातल्या दुसरीचा ३२०. हवेचा विरोध सोडून दिला तर ५० मीटर जायला पहिलीला ०.१५२ सेकंद लागतात, दुसरीला ०.१५६. आता आपलं नेहमीचं सूत्र, s = ½gt². पहिली गोळी सुमारे ११.३ सेंमी खाली येते, दुसरी १२ सेंमी. फरक साधारण ७ मिमी. या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ केवळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. म्हणजे नेमबाजाचा हात दगडासारखा स्थिर असला तरी दशांशातले गुण इथेच गळतात. (दहावीच्या मुलांना हे गणित जरूर द्या. मोकळ्या पतनाचं इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात नाही.)

गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश भाग लागतात. तेवढ्या वेळात नळी पट्टीसारखी वर-खाली थरथरू लागलेली असते. जलद गोळी आधी बाहेर पडते, सावकाश गोळी किंचित नंतर. त्या क्षणी नळीचं तोंड वर जात असेल, तर उशिरा निघालेल्या गोळीला जरासा जास्त चढ मिळतो आणि तिची जास्तीची घसरण भरून निघते. चढ किती हवा? ५० मीटरला ७ मिमी, म्हणजे मीटरमागे ०.१४ मिमी. तोंड खाली जात असेल तर उलटं, फरक आणखी वाढतो. पोलिसांकडे असायची त्या जुन्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीत लांबच्या पल्ल्यावर हा गुण आपोआप येत असे.

तेव्हा ट्यूनर नळीची थरथर बंद करतो, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. थरथर राहतेच. तिची वेळ बदलते.

बसवण्याचं काम जाणकार आर्मररचं, तेही परवानाधारक रायफलीवर, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून आणि बोल्ट उघडा ठेवून. एनसीसीच्या सरकारी रायफलीला असलं काही लावायचा प्रश्नच नाही. काही ट्यूनर आट्यांवर फिरवून बसतात, काही पकडीने आवळतात. दोन्हींत छिद्र नळीशी तंतोतंत एका रेषेत हवं, नाहीतर गोळी घासेल. पकड गरजेपेक्षा जास्त आवळली तर नळीच दाबली जाते. सैल राहिली तर प्रत्येक गोळीला ट्यूनर हलतो आणि सगळी मोजमापं वाया जातात. बसवल्यावर गोळी लागण्याची जागा सरकते, म्हणून साइट पुन्हा लावावी लागते. शिवाय पुढे वजन वाढल्याने रायफल तोंडाकडे झुकते, आणि उभं राहून नेम धरणाऱ्या मुलाला ते खांद्यात जाणवतं.

जुळवणी टेकूवर रायफल ठेवून करतात. सकाळी, वारा पडलेला असताना, काडतुसं एकाच लॉटची. ट्यूनर शून्यावर ठेवून पाच गोळ्या, मग काही खुणा फिरवून पाच, असं पुढे जायचं. बघायचा तो गोळ्यांचा उभा पसारा. आडवा पसारा बहुतेक वेळा वाऱ्याचा असतो, त्याचा दोष ट्यूनरला देऊ नये.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. एका खुणेवर पाच गोळ्या दाटीने बसल्या की 'सापडलं!' म्हणून मोकळे होतात. वर्गात एक खेळ घ्या. पाच फासे टाका, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक लिहा. असं दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळेला 'खूण १', 'खूण २' अशी नावं द्या. साधारण दोन-तृतीयांश वेळा फरक ४ किंवा ५ येईल, पण दहांतून एखाद्या वेळी २ किंवा त्याहूनही कमी. मुलं म्हणतील, ही खूण भारी! फासे मात्र तेच आहेत. एकच चांगला ग्रुप पाहून केलेली निवड अशीच असते. ट्यूनरचा खरा फायदा किती, यावर नेमबाजांमध्ये वाद चालतो, त्याचंही मोठं कारण हेच. म्हणून बऱ्या वाटलेल्या दोन-तीन खुणा निवडून दुसऱ्या दिवशी प्रत्येकीवर चार-पाच ग्रुप पुन्हा मारायचे, आणि ट्यूनर काढूनही तेवढेच. फरक टिकला तरच तो खरा.

पालकांनो, माझं मत विचाराल तर मुलगा किंवा मुलगी १० मीटर एअर रायफलवर असेपर्यंत या वस्तूचा विचारही नको. पुढे .२२ वर गेल्यावरही आधी पैसे चांगल्या काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉटच्या चाचणीवर आणि सरावावर घाला. ज्याच्या स्वतःच्या हाताचा पसारा ३० मिमीचा आहे, त्याला ७ मिमीचा फरक दिसणारच नाही.

जुळवणी पक्की झाली की ट्यूनर लॉक करून खुणेचा आकडा, तारीख, तापमान आणि डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. तो लॉट संपला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून.