घड्याळाचा काटा आणि न दिसणारा किरण

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे वाशिंद पत्र्याच्या कारखान्यासाठी ओळखले जाते. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा आणि रंगाचा थर येथे चढतो. पण टनांनी धातू पाहणाऱ्या याच गावात आजोबांच्या वेळच्या भिंतीवरच्या घड्याळाचा पितळी काटा मोडला, तर तेवढासा तुकडा कोण बनवून देणार? अशा वेळी घरातला एखादा खटपट्या मुलगा म्हणतो, ‘आपणच संगणकाला जोडलेला लेसर बनवू आणि काटा कापू!’

ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अशा यंत्राला तीन गोष्टी लागतात : सरकणारे टेबल, त्याला हुकूम देणारा मेंदू आणि कापणारा प्रकाश. पहिल्या दोन खरोखर घरी जमतात. टेबल सरकवणारी साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. एका फेऱ्यात २ मिलिमीटर पुढे नेणारा स्क्रू तिला जोडला, की एका पावलात टेबल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने सरकते. हुकूम देण्याचे काम आर्डुइनो नावाचा छोटा सर्किट बोर्ड करतो. तो २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. त्यावर चालणारी आज्ञावलीही फुकट मिळते.

घोडे अडते ते तिसऱ्या गोष्टीपाशी. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मायमन यांनी अमेरिकेत चालवून दाखवला. कारखान्यांत पुढे रुळलेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली तिथल्याच बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल? १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी याच जातीच्या ३०० वॅटच्या किरणासोबत प्राणवायूचा झोत सोडला आणि पोलादी पत्रा कापला.

हौशी यंत्रांत सहसा दिसणारी काचेची नळी मात्र ४० वॅटची असते. ती लाकूड आणि ॲक्रिलिक सुरेख कापते, पण चकचकीत पितळ तिचा बहुतेक प्रकाश आरशासारखा परतवून लावते. पितळेला फायबर लेसर लागतो. त्याची तरंगलांबी त्या नळीच्या प्रकाशाच्या सुमारे एक दशांश असते आणि धातू तो अधिक शोषतो. वीस-तीस वॅटचा, ठोक्याठोक्याने चालणारा असा लेसर अगदी पातळ पितळी पत्रा अनेक फेऱ्या मारून कापू शकतो.

आणि इथेच पालकांनी कान टवकारावेत. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही. तो बुबुळातून थेट दृष्टिपटलावर पोहोचतो आणि पत्र्यावरून उसळलेला किरणही नजर कायमची अधू करू शकतो. साधा काळा चष्मा इथे उपयोगाचा नाही. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा हवा आणि यंत्राभोवती बंद पेटी हवी. झाकण उघडताच किरण बंद झाला पाहिजे. काचेच्या नळीला हजारो व्होल्टची वीज लागते, तो धोका वेगळाच. जस्ताचा थर असलेला पत्रा कापताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो, हेही वाशिंदकरांनी विसरू नये.

मग मुलाला ‘नाही’ म्हणायचे का? मुळीच नाही. टेबल त्याला जरूर बनवू द्यावे आणि त्यावर आधी लेसरऐवजी पेन बसवावे. पेनाने काढलेले वर्तुळ जिथे सुरू झाले तिथेच नेमके मिटले, तर यंत्र साधले. न मिटल्यास स्क्रूतला ढिलेपणा शोधावा. काट्याचे रेखाचित्र मात्र फायबर लेसर असलेल्या कार्यशाळेत न्यावे.

अशा कार्यशाळा फक्त शहरातच असाव्यात असे थोडेच आहे! पुणे जिल्ह्यातील पाबळसारख्या खेड्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. गावातल्या मुलांनी गावाच्या गरजेची वस्तू संगणकावर आखून स्वतः बनवावी, ही त्यामागची दृष्टी. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या शाळेत जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली असे एक बंदिस्त यंत्र आले, तर पंचक्रोशीतल्या मुलांना डोळे धोक्यात न घालता धातूवर हात बसवता येईल. कारखाना दाराशी असलेल्या गावाने आपल्या मुलांसाठी एवढे मागायला काय हरकत आहे?