जुन्या आरशाला नवी चौकट

काचेवर चांदीचा अतिशय पातळ थर रासायनिक पद्धतीने चढवण्याची प्रक्रिया जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी 1835 मध्ये विकसित केली, आणि आजही घरगुती आरशाच्या पाठीवर चांदीचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर व त्यावर संरक्षक रंगाचा लेप असतो. कडेला धातूचा थर उघडा पडला की ओलाव्यामुळे तेथे काळे डाग उमटतात. रुंद पट्ट्यांची नवी चौकट ते डाग झाकते आणि आरसा पुन्हा वापरात आणते, म्हणून तिचे मोल केवळ शोभेपुरते नसते.

चौकटीच्या चारही पट्ट्यांची टोके 45 अंशांत कापून ती गुण्याने, म्हणजे काटकोन तपासण्याच्या सुतारी साधनाने, जुळवली जातात. मागील आतल्या कडेला आरसा बसण्यासाठी पायरीसारखी खाच ठेवतात. लाकूड दमट हवेत फुगत असल्याने तिच्यात काचेभोवती सुमारे 2 मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, आणि खाचेची आतली बाजू आरशात दिसत असल्याने ती आधीच गडद रंगवावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन कोरडे होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते व त्यामुळे आरशाचा थर खराब होऊ शकतो, म्हणून चिकटवण्यासाठी आम्लरहित सिलिकॉनच निवडावे.

सजावटीसाठी कच्छमधील लिप्पणकाम, म्हणजे मातीच्या उठावदार नक्षीत आभले बसवण्याची कला, विशेष शोभते. 4 मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 10 किलो असते आणि मातीने त्यात भर पडते. त्यामुळे असा आरसा खिळ्यावर न टांगता भिंतीत प्लग ठोकून बसवलेल्या स्क्रूंवर टांगणे सुरक्षित ठरते.